आरसी विमानात पेट्रोल भरताय? आधी त्याची वाफ समजून घ्या

फोमचं, बॅटरीवरचं आरसी विमान वर्षभर उडवून झालं की बहुतेकांना पुढची पायरी खुणावते ती पेट्रोल इंजिनची. ३० सीसीचं इंजिन घुमताना एकदा प्रत्यक्ष ऐकलं की बॅटरीची मोटर मिक्सरसारखी वाटायला लागते, हे मीही मान्य करतो. मला येणारे प्रश्नही ठरलेले असतात. कोणतं इंजिन घेऊ, किती टॉर्कचे सर्व्हो लागतील, एकूण खर्च किती. पेट्रोल कसं हाताळायचं हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. साहजिक आहे, आपण सगळे बाईकमध्ये पेट्रोल भरतोच की!

पण बाईकमध्ये पेट्रोल भरताना आपण खरं तर काहीच करत नाही. पंपाची टाकी जमिनीखाली असते, नोझलला अर्थिंग असतं, भरणारा माणूस दिवसभर तेच काम करतो. बाईकची टाकी, तिचं झाकण, नळ्या कंपनीने तपासून दिलेल्या असतात. आरसी विमानात ही सगळी कामं तुमच्या अंगावर येतात. टाकी तुम्ही जोडता, बूच तुम्ही बसवता, तेल तुम्ही मिसळता, कॅन तुम्ही आणता आणि भरायलाही तुम्हीच बसता. म्हणून आज इंजिनबद्दल कमी आणि पेट्रोलबद्दल जास्त बोलूया.

सुरुवात एका हिशेबाने करतो. तुमच्या फोनमधल्या ५,००० एमएएच बॅटरीत साधारण १९ वॉट-अवर ऊर्जा असते. पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलच्या एका लीटरमध्ये आठ युनिटपेक्षा थोडी जास्त, म्हणजे ८,००० वॉट-अवरच्या वर. ३० सीसीच्या विमानात अर्ध्या लीटरच्या आसपासची टाकी असते. म्हणजे त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत दोनशेहून जास्त फोनची पूर्ण चार्ज झालेली ऊर्जा भरलेली असते. २००३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मेनार्ड हिल यांच्या गटाने कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून आयर्लंडपर्यंत, म्हणजे अटलांटिक ओलांडून, एक मॉडेल विमान उडवलं होतं. विमानाचं वजन इंधनासकट पाच किलोच्या आत, अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर, वेळ ३९ तासांपेक्षा थोडा कमी आणि इंधन एका गॅलनपेक्षाही कमी. इंधन होतं कंदिलात वापरतात ते, पेट्रोलचंच जवळचं भावंड. एवढी ताकद एवढ्याशा द्रवात असते, म्हणून तर आपल्याला ते हवं असतं.

पेटते ती वाफ

आता मुख्य गोष्ट. द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि ही वाफ तयार व्हायला उष्णता लागतच नाही म्हटलं तरी चालेल. ज्या तापमानाला एखाद्या इंधनावर पेटण्याजोगी वाफ जमते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट आहे सुमारे उणे ४३ अंश सेल्सिअस. म्हणजे काश्मीरच्या थंडीतसुद्धा उघड्या पेट्रोलवर पेटणारी वाफ असते, मग आपल्याकडच्या एप्रिलबद्दल काय बोलायचं!

दुसरं म्हणजे ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरकते, पायऱ्या उतरते, खड्ड्यात आणि डिकीत साचते. डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही पेट्रोल ओतताय एका जागी आणि ठिणगी आहे चार-पाच मीटर लांब, उताराच्या बाजूला, तरी आग तिकडून सरकत तुमच्या हातातल्या कॅनपर्यंत परत येऊ शकते. 'मी तर लांब होतो' हे वाक्य पेट्रोलच्या बाबतीत फारसं कामाचं नाही.

तिसरं, किती वाफ पुरते? हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या मध्ये असलं की मिश्रण पेटतं. यावरून ढोबळ हिशेब केला तर एक मिलीलीटर पेट्रोल पूर्ण उडून गेलं की १२ ते १५ लीटर हवा पेटण्याजोगी करू शकतं. हॅचबॅक गाडीची डिकी असते अडीचशे-तीनशे लीटरची. म्हणजे कटिंग चहाचा पाव ग्लास पेट्रोल डिकीत सांडलं आणि दार बंद राहिलं, तर हिशेब जुळतो. मी हे घाबरवायला सांगत नाहीये. पुढे जे काही सांगणार आहे, ते सगळं या तीन गोष्टींवरून निघतं, म्हणून सांगतोय.

एक गैरसमज इथेच दूर करतो. टू-स्ट्रोक तेल मिसळल्यावर पेट्रोल 'जड' होतं, पटकन पेट घेत नाही, असं मैदानावर बऱ्याचदा ऐकायला मिळतं. अजिबात नाही. तेल मिसळतो दोन-तीन टक्के. बाकीचं पेट्रोल तसंच उडत राहतं आणि तसंच पेटतं.

मग मोबाईलचं काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणारच. पंपावर पाटी असते 'मोबाईल वापरू नका' आणि त्याच पाटीखाली यूपीआयचा क्यूआर कोड लटकत असतो. नक्की खरं काय?

अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने पेट्रोल भरताना लागलेल्या आगींच्या नोंदी बरीच वर्षं गोळा केल्या. मोबाईलमुळे आग लागली असं ठामपणे म्हणता येईल असं एकही प्रकरण त्यात सापडलं नाही. स्थिर विजेची प्रकरणं मात्र भरपूर निघाली. त्यातल्या कित्येकांत गोष्ट सारखीच होती. माणसाने नोझल टाकीत अडकवलं, तेवढ्या वेळात गाडीत जाऊन बसला, सीटला कपडे घासले गेले, परत येऊन नोझलला हात लावला आणि ठिणगी उडाली.

हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच ही वीज. साधारण ३,००० व्होल्टच्या खाली असेल तर आपल्याला झटका जाणवतही नाही. पण पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलीज्यूलच्या आसपासची ठिणगी पुरते आणि ३,००० व्होल्ट साठलेल्या माणसाच्या बोटातून त्याच्या दुप्पट ऊर्जा निघू शकते. म्हणजे तुम्हाला जेमतेम जाणवलेली ठिणगीसुद्धा पुरेशी असते. कोकणात, मुंबईत दमट हवेमुळे हा प्रकार कमी होतो. विदर्भ, मराठवाडा, पुण्या-नाशकाकडे डिसेंबर ते मार्च हवा कोरडी असते आणि नेमका तोच विमान उडवायचा हंगाम!

उपाय साधा आहे. गाडीतून उतरल्यावर, कॅन उघडण्याआधी, जमिनीला टेकलेल्या धातूच्या एखाद्या खांबाला किंवा कुंपणाच्या जाळीला हात लावा. भरायला बसताना आधी कॅनच्या धातूला आणि मग इंजिनाच्या धातूला हात लावून घ्या, कॅन उघडण्याआधीच. आणि सिंथेटिक जॅकेट त्या वेळी तिथे उभं राहून काढू नका.

पंपावरची पाटी मात्र पाळा. तो पंपाचा नियम आहे आणि भरताना लक्ष फोनमध्ये नसावं हे बरंच आहे. मैदानावर फोनचा मला एक फायदाच दिसतो. टाकीत किंवा विमानाच्या पोटात डोकावायला टॉर्च लागतो, तेव्हा फोनचा टॉर्च वापरा. माचिस-लायटर खिशात ठेवूनसुद्धा भरायला बसायचं नाही, मग सिगारेटचा तर विषयच सोडा.

बाटली नको, कॅन हवा

पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल मागितलं की 'नाही' म्हणतात. मग काही जण ओळखीच्या पंपावर जातात किंवा बाईकमधून काढून घेतात. इथे कायदा काय म्हणतो ते बघा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याच्या कलम ८ प्रमाणे, विकायचं नसेल तर ३० लीटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येतं. पण ते कशात ठेवायचं हेही त्याच कलमात लिहिलंय. काचेचं किंवा चिनी मातीसारखं भांडं असेल तर एक लीटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लीटरपर्यंत आणि बूच घट्ट बसलेलं हवं. कोल्ड्रिंकची बाटली या यादीत कुठेच नाही.

कारणही समजण्यासारखं आहे. धातूवर साठलेला विजेचा भार जमिनीत उतरतो, प्लास्टिकवरचा तिथेच बसून राहतो. बाटलीचं झाकण पेट्रोलसाठी बनवलेलं नसतं, उन्हात बाटली फुगते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे घरात ती पाण्याची बाटली वाटते. काचेची बाटली कायद्यात बसते, पण मैदानावर दगडावर पडली की संपलं. त्यामुळे माझं मत सरळ आहे, दोन किंवा पाच लीटरचा, आटे असलेल्या झाकणाचा धातूचा कॅन घ्या. त्यावर मार्करने 'पेट्रोल' असं मोठ्या अक्षरात लिहा. तेल मिसळलेल्या कॅनवर 'पेट्रोल + तेल' आणि प्रमाण लिहा.

पंपावर कॅन भरताना तो डिकीत किंवा बाईकच्या सीटवर ठेवून भरू नका. खाली जमिनीवर ठेवायचा आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं राहू द्यायचं, म्हणजे भार साठत नाही. काठोकाठ भरू नका. तापमान ३० अंशांनी वाढलं तर एक लीटर पेट्रोल साधारण २८ मिली फुगतं. सकाळी सहाला भरलेला कॅन दुपारी दोनला डिकीत किती तापतो याचा विचार करा. उन्हातून आलेला कॅन उघडताना झाकण हळू फिरवा, आधी फुस्स करून दाब निघू द्या. त्या वेळी तोंड कॅनच्या वर नको.

मिसळताना

बहुतेक मॉडेल इंजिनांना ३०:१ ते ५०:१ या दरम्यान तेल लागतं. नक्की किती, ते इंजिनच्या पुस्तिकेत बघा, मैदानावरच्या काकांचं ऐकू नका. एक लीटरला ३२:१ म्हणजे सुमारे ३१ मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. तेल मोजायला मेडिकलमध्ये मिळणारी मोठी सिरिंज उत्तम. मिसळण्याचं काम उघड्यावर करा, गॅलरीत किंवा पार्किंगमध्ये नको.

माझी एक पद्धत सांगतो. मी मैदानावर साधं पेट्रोल नेतो आणि त्या दिवशी लागेल तेवढंच तिथे मिसळतो. उरलेलं साधं पेट्रोल घरी जाताना बाईकच्या टाकीत जातं. घरात कॅन भरलेला राहतच नाही. मिसळलेलं उरलंच तर आमच्याकडे एक जण ब्रश कटरने गवत कापतो, त्याला देतो. त्याच्या मशीनलाही तेल मिसळलेलंच पेट्रोल लागतं.

मिसळलेलं जपून न ठेवण्याचं आणखी एक कारण आहे इथेनॉल. २०२३ च्या फेब्रुवारीपासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धवट भरलेला कॅन महिना-दोन महिने राहिला आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. विमानाच्या टाकीतली ओढणारी नळीही तळाशीच असते! इंजिन तेल नसलेलं ते मिश्रण ओढतं आणि हवेतच बंद पडतं. शिवाय इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचा पातळ पडदा लवकर कडक होतो. कडक झालेली नळी चिरते आणि चिरलेली नळी विमानाच्या पोटात गळते. म्हणजे परत वाफेचाच मुद्दा.

विमानाच्या पोटातली नळी

नवीन लोकांची गफलत सगळ्यात जास्त इथे होते. ग्लो इंजिनाला, म्हणजे मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाला, सिलिकॉनची नळी चालते. १९४७ मध्ये ग्लो प्लग बाजारात आला तेव्हापासून छंदात ग्लोचाच बोलबाला राहिला, त्यामुळे जुन्या सामानात सिलिकॉनच्या नळ्या ढिगाने सापडतात. पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगतं, मऊ होतं आणि जोडावरून निसटतं. पेट्रोलसाठी टायगॉनसारखी पिवळसर नळी किंवा व्हिटॉनची नळी येते, तीच घ्या. टाकीचं रबरी बूचही पेट्रोलसाठीचं वेगळं मिळतं. विकत घेताना दुकानदाराला 'गॅससाठीचं ना?' असं विचारून खात्री करा. आरसीच्या दुनियेत पेट्रोलला अमेरिकन पद्धतीने गॅस म्हणतात, घरच्या सिलेंडरशी त्याचा संबंध नाही.

प्रत्येक जोडावर छोटा केबल टाय किंवा बारीक तार हवीच. पेट्रोल इंजिनाची थरथर जबरदस्त असते, नुसती दाबून बसवलेली नळी हळूहळू मागे सरकते. टाकीतून हवा जाण्या-येण्याची नळी, म्हणजे व्हेंट, विमानाच्या खालून बाहेर काढा आणि तिचं तोंड सायलेन्सरपासून लांब ठेवा. टाकी जोडल्यावर आधी विमानाबाहेर तपासा. सगळ्या नळ्या बंद करून एकीतून हलकी फुंकर मारा आणि टाकी पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघा. पाच मिनिटांचं काम आहे. नंतर टाकी पूर्ण वाळवून मगच बसवा. दर हंगामाच्या सुरुवातीला नळ्या वाकवून बघा, कडक लागली की बदला. इथे काटकसर करण्यात अर्थ नाही. इंजिनाच्या किमतीपुढे नळी कितीची असते!

भरायची वेळ

मैदानावर मी भरण्याची जागा वेगळी ठेवतो. लिपो चार्ज करण्याच्या टेबलापासून, पार्क केलेल्या गाड्यांपासून लांब, वाऱ्यात आणि शक्यतो उताराच्या खालच्या बाजूला. बॅटरीचा कनेक्टर जोडताना जी 'टक्' अशी ठिणगी उडते, ती पेट्रोलच्या वाफेला आमंत्रणच असते.

भरताना विमानातलं सगळं बंद हवं, इग्निशनही आणि रिसीव्हरही. इग्निशनचं विशेष सांगतो. या इंजिनांना वेगळी बॅटरी असलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन असतं. ते चालू राहिलं आणि कुणी सहज प्रॉपेलर हाताने फिरवला, तर सेन्सर ते फिरणं ओळखतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. इंजिन 'बंद' दिसतं म्हणून ते बंद असतं असं नाही. म्हणूनच इग्निशनला बाहेरून दिसणारा स्विच आणि शक्य असेल तर रिमोटवरून बंद करता येणारा दुसरा स्विच, दोन्ही ठेवा.

पेट्रोल भरायला हाताने फिरवायचा पंप मला सगळ्यात पसंत आहे. स्वस्तातल्या इलेक्ट्रिक पंपांत साधी ब्रशची मोटर असते आणि ब्रशच्या मोटरमध्ये आत ठिणग्या उडतच असतात. पेट्रोलसाठी बनवलेला चांगला इलेक्ट्रिक पंप वापरणारेही आहेत, पण तो कॅनच्या झाकणावर बसवून वापरताना पाहिलं की मी दोन पावलं मागे सरकतो. भरताना टाकीतली हवा व्हेंटमधून बाहेर येते आणि ती पूर्ण वाफेने भरलेली असते, हे लक्षात असू द्या. व्हेंटमधून थेंब आले की थांबा. फडक्याने पुसा, ते फडकं उन्हात उघडं टाका, बॅगेत कोंबू नका.

मग कॅन बंद करून लांब ठेवायचा, विमानाची वरची झाकणं काढायची आणि आत वारा खेळू द्यायचा. आत नाक नेऊन वास घ्या. भपकारा आला तर कुठेतरी गळतंय, स्विच चालू करायचाच नाही. वास नसेल तर विमान उचलून दहा-पंधरा मीटर दुसरीकडे न्या आणि तिथेच इंजिन चालू करा. भरलेल्या जागी कधीच नाही.

इंजिन चालू होत नसेल तेव्हा घाई सुटते. प्लग काढून, तो सिलेंडरला टेकवून ठिणगी येते का बघायचं, ही बाईकवाल्यांची जुनी सवय. पण चोक देऊन देऊन सिलेंडर पेट्रोलने भरलेला असेल, तर प्रॉप फिरवल्यावर प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो आणि बाजूलाच ठिणगी असते. ठिणगी तपासायचीच असेल तर आधी इग्निशन बंद करून, प्लग काढून सिलेंडर कोरडा करा, भोक फडक्याने झाका आणि प्लग भोकापासून जितका लांब नेता येईल तितका न्या.

उतरल्यावर लगेच दुसरी टाकी भरायचा मोह होतो. इंजिन आणि सायलेन्सर तापलेले असतात आणि पेट्रोलची वाफ सुमारे २५० ते २८० अंशांना ठिणगीशिवायही पेटते. दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात पाणी प्या, व्हिडिओ बघा. (फोनच्या कॅमेऱ्यात प्रॉपेलर हळू किंवा वाकडा दिसतो, त्यावरून अंदाज घेऊन जवळ जाऊ नका.)

विमान पडलं तर

पेट्रोल विमान पडलं की सगळे धावत सुटतात. जरूर जा, पण आधी रिमोटवरून इग्निशन बंद करा आणि हातात अग्निशामक घेऊन जा. टाकी फुटलेली असू शकते, सायलेन्सर तापलेला असतो, रिसीव्हरची बॅटरी चेपलेली असते आणि चेपलेली लिथियम बॅटरी काही मिनिटांनंतरही पेटू शकते. आपली मैदानं म्हणजे बहुधा माळरान. दिवाळीनंतर तिथलं गवत वाळतं ते जूनपर्यंत. विमानाचं नुकसान परवडेल, पण पेटलेलं गवत वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतातल्या गंजीपर्यंत गेलं तर ते नुकसान दुसऱ्याचं असतं. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये जोराचा वारा असेल तर मी पेट्रोल विमान गाडीतून काढतच नाही. लोक हसतात, हसू देत.

अग्निशामक घेताना एबीसी पावडरचा, किमान दोन किलोचा घ्या. काट्याची सुई हिरव्यात आहे ना हे दर वेळी बघा. कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर इंजिन खराब करत नाही, पण उघड्यावर वाऱ्याने त्याचा परिणाम पटकन उडून जातो. जळत्या पेट्रोलवर पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. पाणी गवतासाठी ठेवा, वाळूची बादली पेट्रोलसाठी. आग आवाक्याबाहेर जातेय असं वाटलं तर विमान सोडून द्या, बाजूला व्हा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

कपड्यांवर पेट्रोल सांडलं तर आधी इंजिनापासून लांब व्हा, मग कपडे बदला आणि त्वचा साबणाने धुवा. कपडे पेटले तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट, हळद, बर्फ यातलं काही लावू नका आणि डॉक्टरांकडे जा.

घरी आणि प्रवासात

उडवून झालं की टाकी मैदानावरच रिकामी करा, मग इंजिन बंद पडेपर्यंत चालवून नळ्यांमधलंही संपवा. रिकामी टाकी घरी नेताना व्हेंट उघडा असू दे आणि गाडीच्या काचा थोड्या खाली. रिकामा कॅन निर्धास्त समजू नका. त्यात द्रव नसतं, पण वाफ आणि हवा असते आणि पेटायला तेच तर लागतं.

फ्लॅटमध्ये ठेवायची वेळ आलीच तर जागा नीट निवडा. जमिनीलगत सरकणारी वाफ आठवा आणि मग घरात फिरून बघा. गॅस गीझरची ज्योत, इन्व्हर्टर, फ्रिज, देवघरातली समई. बंद खोलीत, जिन्याखाली किंवा मीटरबॉक्सजवळ कॅन ठेवायचाच नाही. खरं सांगायचं तर फ्लॅटमध्ये पेट्रोल ठेवूच नये, वर सांगितलेली 'त्या दिवसापुरतं' पद्धत मी त्यासाठीच धरली.

रेल्वेने स्पर्धेला किंवा फ्लाय-इनला जाणार असाल तर पेट्रोल सोबत नेऊ नका. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे धोकादायक वस्तू नेल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एसटीतही नको. पोचल्यावर तिथल्या पंपावर घ्या, आपलं तेल आणि रिकामा, धुऊन वाळवलेला कॅन तेवढा न्या.

शेवटी तोंडाने ओढून नळीतून पेट्रोल काढण्याबद्दल. गावाकडे हे सर्रास चालतं आणि मैदानावरही कुणी ना कुणी करतंच. पोटात गेलेल्या पेट्रोलपेक्षा फुप्फुसात गेलेलं जास्त घातक असतं. घोटभर पेट्रोल ठसका लागून श्वासनळीत गेलं तर रासायनिक न्यूमोनिया होतो. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, कारण उलटी होताना तेच पेट्रोल परत फुप्फुसाकडे जातं. तोंड धुवायला सांगा आणि खोकला असो वा नसो, सरळ दवाखान्यात न्या. त्रास काही तासांनंतरही सुरू होऊ शकतो, हे तिथल्या डॉक्टरांना पेट्रोल किती वाजता गेलं ते सांगताना लक्षात ठेवा.